अंगावरचे सोने, तिजोरीतले सोने

इसवी सन १३२१ मध्ये ठाण्याच्या भूमीवर चार फ्रान्सिस्कन मिशनरींनी ख्रिस्तासाठी आपले रक्त सांडले. टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री ही त्यांची नावे. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नियमानुसार त्यांच्या संघातील बंधूंना नाण्याचा स्वीकार करणेही वर्ज्य होते. रिकाम्या हातांनी ते समुद्र ओलांडून आले आणि रिकाम्या हातांनीच प्रभूकडे गेले.

त्यांच्या हौतात्म्यापूर्वी सदतीस वर्षे, म्हणजे १२८४ साली, व्हेनिस नगरीने सोन्याचे एक नाणे पाडावयास प्रारंभ केला होता. डुकाट हे त्याचे नाव. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि कस जवळजवळ शुद्ध सोन्याचा. एका बाजूस संत मार्क यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस तारकांच्या वलयात उभे असलेले प्रभू येशू, असे त्याचे रूप होते. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक लयास जाईपर्यंत या नाण्याचे वजन, कस आणि रूप जवळजवळ बदलले नाही. मिरी, मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात मिसर देश आणि तांबडा समुद्र या मार्गाने ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. त्यावरील आकृत्या पाहून मराठी माणसाने त्याला ‘पुतळी’ म्हटले, त्याला कडी लावली आणि ते दोऱ्यात ओवून आपल्या लेकीसुनांच्या गळ्यात घातले. आज सराफाच्या दुकानात मिळणाऱ्या पुतळीमाळेवर लक्ष्मीची किंवा राम-सीतेची आकृती असते. परंतु ज्या नाण्यावरून हे नाव आले, त्यावर आपल्या तारणाऱ्याची प्रतिमा होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

अनवाणी धर्मबंधू आणि सोन्याची पुतळी, असे दोन पाहुणे इटलीहून या किनाऱ्यास लागले. आपल्या घरांत कोणत्या पाहुण्याचे आतिथ्य अधिक झाले, याचा विचार ज्याने त्याने करावयाचा आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू सोन्याची निंदा करणे हा नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या परिसरातील सामान्य कुटुंबांनी शतकानुशतके सोने का जवळ केले, त्याने त्यांना कोठे तारले आणि कोठे दगा दिला, याचा मागोवा घ्यावा, एवढाच हेतू आहे. सोन्याचा भाव २०२५ साली दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला आणि त्यानंतर ‘फादर, सोने घ्यावे की बँकेत पैसे ठेवावेत?’ हा प्रश्न मिस्सेनंतरच्या गप्पांतही ऐकू येऊ लागला. अशा वेळी इतिहासाला प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

कल्याणचे बंदर

आपल्या देशात सोन्याच्या खाणी पूर्वीपासूनच थोड्या. कोलारची प्रसिद्ध खाण २००१ साली बंद झाली. आपल्या घरांतील बहुतेक सोने बाहेरून आलेले आहे आणि ते ज्या दारांनी आले, त्यांपैकी एक जुने दार म्हणजे कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत कल्याणच्या बंदराचा उल्लेख आहे. एका राजाच्या काळी ती कायदेशीर बाजारपेठ होती. पुढे राजवट बदलल्यावर तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्याखाली भडोचला नेली जाऊ लागली, असे तो नोंदवितो. भडोचच्या आयातीत तो सोन्यारुप्याची नाणी मोजतो आणि स्थानिक चलनाशी त्यांचा बदला करण्यात नफा असल्याचेही सांगतो. त्याच शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार केली होती. सोन्याच्या बाबतीत आपला देश तळ नसलेला रांजण आहे, हे गाऱ्हाणे असे दोन हजार वर्षांचे जुने आहे.

याच कल्याणचा दुसरा उल्लेख आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या ख्रिस्ती प्रवाशाने कल्याण येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या बंदरात सोने उतरले, त्याच बंदरात शुभवर्तमानही उतरले होते. १९८८ साली सीरो-मलबार परंपरेच्या भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली, तेव्हा या प्राचीन नावाला पुन्हा बिशप लाभले.

जे उचलून नेता येते

१५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला. पुढील दोनशे वर्षांत साष्टी, ठाणे आणि वसईच्या गावांत आपल्या पूर्वजांचा समाज घडला. १७३७ ते १७३९ या काळात हे सारे चित्र पालटले. १७३७ मध्ये ठाणे आणि मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. वसईच्या शरणागतीच्या वेळी चिमाजी अप्पांनी किल्ल्यातील पोर्तुगीजांना आपली जंगम चीजवस्तू बरोबर घेऊन निघून जाण्याची मुभा दिली. वाडे, मठ, बागायती जागच्या जागी राहिल्या. राज्य बदलते तेव्हा जमीन मागे राहते, सनद कागद होऊन जाते. पण पदराच्या गाठीत बांधलेले सोने माणसाबरोबर चालते. आपल्या आज्यापणज्यांनी अर्थशास्त्र वाचले नव्हते, पण हा धडा त्यांना पाठ होता.

गावातच राहिलेल्या कोळी, कुणबी, भंडारी कुळांतील ख्रिस्ती लोकांनी आपला पेहराव आणि दागिने टिकवून धरले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. तरी लुगडे नेसणाऱ्या आजीच्या कानांतील कराब, काप आणि मुगड्या, गळ्यातील चिंचपेटी आणि पोत, हातांतील पाटल्या यांनी तिचे मराठीपण सांगितले. पुढे रेल्वे आणि कारखाने यांच्यामागोमाग गोवा, मंगळूर आणि केरळहून कॅथलिक कुटुंबे ठाणे-कल्याण पट्ट्यात वसली. त्यांनी आपापले सोने आणले. केरळच्या वधूच्या गळ्यातील मिन्नू तर गुंजभर सोन्याचे पान असते. त्यावर बारीक मण्यांचा क्रूस असतो. वजनाने ते अत्यल्प. पण ते मोडण्याचा विचार कोणी करीत नाही. सोन्याची किंमत तोळ्यामाशांत मोजता येत नाही, याचा याहून चांगला दाखला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दागिना ही बहुसंख्य स्त्रियांची एकमेव स्वतंत्र मालमत्ता होती. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर. अंगावरचे तेवढे तिचे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम २० ख्रिस्ती दांपत्यांस लागू आहे. विवाहामुळे पती किंवा पत्नी यांपैकी कोणासही दुसऱ्याच्या मालमत्तेत हक्क प्राप्त होत नाही, असे ते कलम सांगते. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्नीचे स्त्रीधन सासरी ठेवले म्हणून ते सासरचे होत नाही, असा निर्वाळा दिला. बायकोला न विचारता तिच्या पाटल्या गहाण टाकणाऱ्या गृहस्थाने स्वतःला कुटुंबप्रमुख म्हणवून घ्यावे. पण तो दुसऱ्याची वस्तू गहाण टाकीत असतो, हे त्याने विसरू नये. याच न्यायाने, मुलीला सोने देणे आणि वरपक्षाने सोने मागणे यांत पापपुण्याइतके अंतर आहे. मागणी करणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहेच. वेदीपुढे उभे राहणाऱ्यांसाठी ते कायद्याच्याही आधीचे लांछन आहे.

सावकाराची पेढी आणि पापडीची पतपेढी

सोने संकटात उपयोगी पडते, असे आपण सहज म्हणतो. पण संकटात सोने कसे जाते, ते पाहिले पाहिजे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमधील खेड्यापाड्यांतून गरिबांचे रुप्याचे दागिने वितळण्यासाठी मुंबईच्या टांकसाळीकडे लोटले. सगळे एकाच वेळी विकावयास निघतात, तेव्हा विकत घेणारा भाव पाडतो. गहाण टाकले तर व्याज चढत जाते आणि मुदत टळली की दागिना बुडतो.

या दुखण्यावर ख्रिस्तसभेने फार पूर्वी एक औषध शोधले होते. १४६२ मध्ये इटलीतील पेरुजिया येथे फ्रान्सिस्कनांच्या प्रेरणेने गोरगरिबांसाठी गहाणवटीची धर्मादाय पेढी निघाली. वस्तू ठेवावी, अल्प खर्चात पैसे न्यावेत, सावकाराचे तोंड पाहू नये, अशी ती व्यवस्था होती. खर्चापुरते व्याज घेणे हे पाप नव्हे, असा निर्णय १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने दिला. पोर्तुगीजांनी गोव्यात आणि वसईत स्थापलेल्या मिसेरिकॉर्दिया या दयागृहांमागेही हीच करुणेची परंपरा होती.

आपल्या परिसरात त्या परंपरेला नवे रूप मिळाले ते १९१८ साली. वसईतील पापडी येथे मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथलिक सहकारी पतपेढीचा पाया घातला. तीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती. त्यामुळे ही आपल्याच जिल्ह्याची कथा. एका धर्मगुरूने ओळखले की, शेतकऱ्याच्या घरातला दागिना वाचवायचा असेल तर त्याला गावातच रास्त व्याजाचे कर्ज मिळाले पाहिजे.

योगायोग असा की, त्याच १९१८ मध्ये महायुद्धाच्या निकडीमुळे मुंबईच्या टांकसाळीत ब्रिटिश सावरीन पाडले गेले. बाजारात लोक त्याला गिनी म्हणत. सुमारे आठ ग्रॅम वजनाची, बावीस कॅरट कसाची अशी जवळजवळ १३ लाख नाणी त्या वर्षी मुंबईत तयार झाली. त्यांच्यावर अजगराचा वध करणाऱ्या संत जॉर्ज यांची आकृती होती. पुतळीवर संत मार्क, गिनीवर संत जॉर्ज! मुंबईत सोन्याची नाणी पडत होती आणि पापडीत परस्परविश्वासाचे भांडवल उभे राहत होते. यांपैकी कोणते नाणे अधिक टिकाऊ ठरले, हे शंभरी ओलांडलेली ती बँक पाहून वाचकांनीच ठरवावे.

१९३१ : सोने निघाले परदेशी

ब्रिटिश अर्थपंडितांना हिंदी माणसाच्या सुवर्णप्रेमाचा तिटकारा होता. तो सोने पुरून ठेवतो, व्यापारात आणीत नाही, असा त्यांचा आक्षेप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या १९२३ च्या ग्रंथात या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. सरकार मनास येईल तसे चलन वाढवू शकते, तेव्हा गरिबाच्या हातातील रुपयाची किंमत कोण राखणार, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. चलनावर ज्याचा विश्वास नाही, तो सोन्याकडे वळतो. दोष वळणाऱ्याचा की चलनाचा?

१९२७ च्या कायद्याने सरकारने सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा ठरवला. पण त्या भावाने सोने घ्यावयाचे तर एका वेळी किमान ४०० औंस घ्यावे लागत. म्हणजे दार उघडे, पण उंबरा डोंगराएवढा. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, रुपया पौंडाशी बांधलेला असल्याने त्याच्याबरोबर घसरला आणि सोन्याचा भाव पाहता पाहता तिशीच्या घरात गेला. त्या वेळी जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. सारा मात्र रोखीने भरावा लागत होता. शेतकऱ्यांनी दागिने मोडले आणि मुंबई बंदरातून जहाजे भरभरून सोने विलायतेस गेले. पुढील काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. निर्यात थांबवावी म्हणून राष्ट्रीय नेत्यांनी आणि व्यापारी मंडळांनी केलेली मागणी सरकारने मानली नाही.

त्या विक्रीला ‘संकटाचे सोने’ असे नाव पडले. यातून दोन गोष्टी दिसतात. दागिना होता म्हणून पुष्कळांची जमीन वाचली, ही पहिली. आणि भाव चढलेला असूनही विकणाऱ्याच्या पदरात सुख पडले नाही, कारण तो आपल्या मर्जीने विकत नव्हता, ही दुसरी.

सुवर्णनियंत्रणाची सत्तावीस वर्षे

चीनच्या आक्रमणानंतर देशाला परकीय चलनाची निकड भासली. नोव्हेंबर १९६२ मध्ये सुवर्णरोखे निघाले आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण जाहीर केले. चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना घडवण्यास बंदी झाली. हेतू चांगला होता. पण बावीस कॅरटच्या सोन्यावर पोसलेल्या कारागिरांचे हातच बांधले गेले. देशभर लक्षावधी सोनार बेकार झाले आणि त्यांच्यापैकी काहींनी आत्महत्या केल्या. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली. परंतु १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची लगड, बिस्किट किंवा नाणे बाळगण्यास मनाई कायम ठेवली. दोन किलोपेक्षा अधिक दागिने असणाऱ्यास ते सरकारला कळवावे लागत. अमेरिकेतही १९३३ पासून १९७४ च्या अखेरपर्यंत नागरिकांना सोने साठवण्यास बंदी होती, हे ध्यानात घेतले तर हा केवळ आपल्याकडील प्रकार नव्हता.

परिणाम काय झाला? सोन्याची हौस कमी झाली नाही. चोरवाट तेवढी रुंद झाली. दुबईहून गलबतांनी येणारी दहा तोळ्यांची, म्हणजे सुमारे ११६.६ ग्रॅमची बिस्किटे कोकणच्या खाड्यांतून रात्री उतरू लागली. कायद्याने ज्याला गुन्हा म्हटले, त्याला समाजाने धाडस म्हटले, ही नीतीची हानी सोन्याच्या हानीपेक्षा मोठी होती. उलट, १९६५ च्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत ज्यांनी विश्वासाने सोने दिले, त्यांना १९८० साली ते सोन्याच्याच रूपाने परत मिळाले, हेही न्यायाने सांगावयास हवे.

शेवटी १९९० मध्ये, कोकणचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री असताना, हा कायदा रद्द झाला. म्हणजे आज आपण ज्याला सहज ‘गुंतवणुकीचे सोने’ म्हणतो, ते शिक्क्याचे नाणे किंवा बिस्किट कपाटात ठेवणे आपल्या पित्यांच्या पिढीत दंडनीय होते. पुढच्याच वर्षी देशावरच आपले सोने गहाण ठेवण्याची पाळी आली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी पाठवले आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलरचे कर्ज उभे केले. आईच्या बांगड्या गहाण पडाव्यात तसे लोकांच्या जिव्हारी लागले. पण त्या सोन्यानेच देशाची पत राखली, हेही खरे.

भाव आणि भ्रम

१९३१ चा एकवीस रुपयांचा तोळा आणि २०२५ चे एक लाखाचे दहा ग्रॅम शेजारी ठेवले की डोळे दिपतात. परंतु हिशेब पुरा मांडला पाहिजे. जागतिक बाजारात जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले आणि १९९९ मध्ये ते सुमारे २५३ डॉलरपर्यंत उतरले. जुना भाव पुन्हा दिसावयास २००८ साल उजाडले. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. आपल्याला ही घसरण तेवढी जाणवली नाही, कारण त्याच काळात आपला रुपया डॉलरपुढे कितीतरी स्वस्त झाला. अनेकदा सोने चढत नसते. ज्या मापाने आपण ते मोजतो ते माप आखडत असते.

दुसरा हिशेब घडणावळीचा. समजा, वीस ग्रॅमचा हार घेतला आणि घडणावळ शेकडा दहा पडली. म्हणजे बावीस ग्रॅमचे पैसे मोजले. त्यावर २०१७ पासून तीन टक्के जीएसटी. मोडावयास गेलात तर जास्तीत जास्त वीस ग्रॅमचे पैसे मिळणार. खडे, डाग आणि घट वजा जाऊन त्याहूनही कमी. तेव्हा भाव एक अष्टमांशाहून अधिक चढेपर्यंत तो हार तोट्यातच असतो. म्हणूनच जुन्या जाणत्या बाया बचत म्हणून सोने घेताना नक्षीचा दागिना न घेता साधे वेढणे घेत. हौस आणि बचत यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. कसाच्या बाबतीत मात्र आपले दिवस बरे आहेत. २००० साली सुरू झालेली हॉलमार्कची पद्धत २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असते. पूर्वी सोनाराची कसोटी आणि त्याची सचोटी यांवरच सारे अवलंबून होते.

२०१९ ची शरद ऋतूतील शिकवण

२०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि मुंबई-ठाण्यातील हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. ‘याहून सोने बरे’ असे लोक म्हणू लागले, तोच ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, गुडविन ज्वेलर्स या पेढीची ठाणे, डोंबिवली आणि अन्य ठिकाणची दुकाने बंद झाली. दरमहा हप्ता भरा, मुदतीनंतर सोने किंवा वाढीव रक्कम घ्या, अशा योजनांत लोकांनी पैसे गुंतवले होते. डोंबिवलीत पोलीस ठाण्यावर गर्दी झाली, गुन्हे नोंदले गेले आणि डिसेंबरात पेढीच्या मालकांना अटक झाली. नोकरदार, निवृत्त, मुलीच्या लग्नासाठी पैपै साठवणारे असे लोक त्या गर्दीत होते.

या दोन घटनांतून एक भेद लख्ख दिसतो. हातातले सोने ही वस्तू आहे. सोन्याच्या नावाने दिलेली पावती हे वचन आहे. वस्तूची किंमत तिच्या कसावर ठरते, वचनाची किंमत ते देणाऱ्याच्या पतीवर. २०१४ च्या नियमांनुसार कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम वर्षाच्या आत मालात वळवली नाही तर ती ठेव ठरते; सराफांच्या बहुतेक योजना अकरा महिन्यांच्या असतात, त्याचे कारण हेच. बँकेतील ठेवीस विम्याचे कवच असते. २०२० पासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. सराफाकडील हप्त्यांना असे कवच नाही. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला ठाऊक नसते. म्हणून चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाल्यास तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपुरती, असे २०२२ पासून लागू झालेले नियम सांगतात. संपूर्ण निर्धोक अशी जागा मनुष्याने अद्याप निर्माण केलेली नाही.

पुढच्याच वर्षी महामारी आली. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्यावरील कर्जाची मर्यादा किमतीच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत, मार्च २०२१ अखेरपर्यंत, वाढवली. अनेक घरांत त्या पाटल्यांनी इस्पितळाचे बिल आणि शाळेची फी भागवली. आजीने नातसुनेला दिलेला दागिना कपाटातून निघाला आणि कोणाचा तरी श्वास चालू राहिला. सोन्याचा याहून पवित्र उपयोग कोणता?

संत अँब्रोज यांचे उत्तर

पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बाळयेशूच्या चरणी सोने ठेवले. पवित्र कुटुंबाला लवकरच मिसर देशात परागंदा व्हावे लागले. ते सोने प्रवासात उपयोगी पडले असावे, अशी भाविकांची कल्पना आहे; शुभवर्तमान मात्र त्याविषयी मौन पाळते. प्रभूने सोन्याला शाप दिला नाही. धन्याने सोपवलेला पैसा भयापोटी जमिनीत पुरणाऱ्या दासाला मात्र त्याने दोष दिला. त्या दासाने चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती. तो फक्त भ्याला होता.

चौथ्या शतकात, एड्रियानोपलच्या पराभवानंतर, गॉथ लोकांनी असंख्य ख्रिस्ती जनांना बंदी केले. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी त्यांच्या सुटकेसाठी देवालयातील पवित्र भांडी वितळवली. विरोधकांनी त्यांच्यावर टीका केली. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, ख्रिस्तसभेजवळ सोने असते ते राखण्यासाठी नव्हे, गरजवंतांसाठी खर्च करण्यासाठी. आणि माणसाचा जीव हे धातूच्या पात्राहून मोलाचे पात्र आहे.

या इतिहासातून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? सोने हे संकटाचे सोबती आहे, पण श्रीमंतीचा राजमार्ग नव्हे. कर्ज काढून सोने घेणे म्हणजे छत्री विकत घेण्यासाठी घराचे छप्पर गहाण टाकणे. घरातील सोन्याचे वजन, कस आणि पावत्या पती-पत्नी दोघांना ठाऊक असाव्यात आणि जे तिचे आहे त्यावर तिचाच शब्द अखेरचा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे सोने धर्मग्रामातील कोणाच्याही संकटात कधीच कपाटाबाहेर येत नाही, ते आपल्याजवळ आहे की आपण त्याच्याजवळ आहोत, हे तपासून पाहावे.

ठाण्याच्या त्या चार हुतात्म्यांनी मागे सोने ठेवले नाही. त्यांच्या अस्थी त्यांचे बंधू ओदोरिक यांनी श्रद्धेने पुढे चीनपर्यंत नेल्या. पुतळ्या वितळल्या, गिन्या मोडल्या गेल्या, होन आणि मोहरा वस्तुसंग्रहालयांत जाऊन बसल्या. सातशे वर्षांनंतरही आपण त्या चौघांची नावे मात्र वेदीवरून घेतो.